न खोकलेला नळ

आमच्या गल्लीत पाणी येण्याआधी नळ खोकतो. लाईनीत अडकलेली हवा आधी बाहेर पडते, नळ दोनचार वेळा घसा खाकरतो, लालसर थेंब थुंकतो आणि मग धार लागते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं की नळ खोकला की हातातलं काम टाकून बादली लावायची, उशीर झाला तर परवापर्यंत थांबायचं.

हे पाणी सोडायला जे यायचे, त्यांचं खरं नाव वीस वर्षांत मी कधी विचारलं नाही. सगळी गल्ली त्यांना चावीकाका म्हणायची. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची आणि फिरवण्याआधी आडव्या दांड्याला कान लावायचा. खालून पाणी किती जोरात चाललंय, ते त्यांना लोखंडातून ऐकू यायचं. कुठे पाईप फुटलाय, कोणी चोरून पंप लावलाय, सगळं. डॉक्टर छातीला नळी लावतात, तसं. पाणी सुटलं की आमच्या पायरीवर बसून अर्धा कप चहा घ्यायचे. पूर्ण कप दिला तर अर्धा बशीत ओतून परत करायचे. "सवय लागली तर बायको घरी कमी देईल," म्हणायचे.

गल्ली अगदी लाईनीच्या शेपटाला. त्यामुळे आम्हाला निवडणुकीच्या आधी पाणी रोज यायचं, निकाल लागला की दिवसाआड, आणि उन्हाळ्यात रामभरोसे. मग बाहेरच्या एका बँकेनं देशाला नव्या पाण्यासाठी कर्ज दिलं आणि रस्ते खणायला सुरुवात झाली. आमच्या गल्लीसाठी आलेले पाईप कोपऱ्यावर महिनाभर पडून होते. त्यावर आम्ही गोधड्या वाळत घालायचो. एक दिवस ते उचलले गेले आणि वळणावरून सरळ पुढे, मंत्र्यांच्या मेहुण्यांनी काढलेल्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यापर्यंत गेले. आमच्याकडे नुसतं एक नवंकोरं झाकण बसवलं.

इथे मला खरं सांगायला हवं. त्या कारखान्यात माझे धाकटे दीर कामाला होते. चार वर्षं घरी बसल्यावर मिळालेली नोकरी. त्यांच्या पगारावर त्यांचा संसार उभा होता आणि आमच्याही घराला हातभार लागत होता. त्यामुळे पाईप कुठे गेले, हे ठाऊक असूनही आमच्या घरात कोणी त्यावर बोलत नव्हतं. बाटल्यांत भरलेलं पाणी दुकानातून विकत आणताना सासूबाई तेवढं म्हणायच्या, "आपलंच पाणी, टोपी घालून आलंय."

कर्जाचा शेवटचा हप्ता सुटण्याआधी बँकेचा एक माणूस बघायला येणार होता. प्रत्येक गल्लीत नवी लाईन चालू आहे, अशा कागदावर तिथे पाणी सोडणाऱ्याची सही हवी होती. एकदा सही झाली की जुनी लाईन कायमची बुजवायची, कारण ती चालू असेपर्यंत कारखान्याकडे पुरेसा जोर जात नव्हता. म्हणजे चावीकाकांनी सही केली असती, तर आमच्या तीनशे घरांना जुनंही पाणी नाही आणि नवंही नाही.

पाणीखात्याच्या साहेबांनी त्यांना दोनदा बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता. वरच्या वस्तीत खरंच पाणी पोचलं होतं, आणि हप्ता अडला तर तिथलंही काम थांबणार होतं. तुमची गल्ली पुढच्या वर्षी करू, असं तो सांगत होता. काकांच्या नोकरीचं सव्वा वर्ष राहिलं होतं, याचीही त्यानं सहज बोलल्यासारखी आठवण करून दिली. काकांनी आमच्या पायरीवर हे सगळं सांगितलं आणि बशीकडे बघत म्हणाले, "पुढचं वर्ष मी लहानपणापासून ऐकतोय, वहिनी."

बँकेचा पाहुणा येणार त्याच्या आदल्या दिवशी साहेबांची माणसं आमच्याच दारात आली. गच्चीवर एक काळी टाकी चढवली, टँकरनं भरली आणि तिची नळी भिंतीमागून फाटकाजवळच्या नव्या नळाला जोडली. आमचंच घर का, ते कळायला फार हुशारी लागत नव्हती. भावजी मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, नळ तेवढा उघडायचा. बोलायचं काही नाही." मी हो म्हटलं.

सकाळी दहाला मंडळी आली. साहेब, पाहुणा, चावी घेऊन काका. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात. साहेबांनी खूण केली, मी नळ उघडला. पाणी आलं, स्वच्छ, भरभक्कम, एकदम. पाहुण्यानं हसून कागदावर काहीतरी लिहिलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, नळ खोकला नव्हता. टाकीतलं पाणी थोडंच खोकणार? एवढं सगळं जुळवलं, पण नळाचं पाणी भरणाऱ्या कोणाला विचारावं, हे साहेबांना सुचलं नव्हतं. समोरच्या दारात एक बाई पदरात तोंड घालून हसली. मग दुसरी. पाहुण्याला वाटलं, पाण्याच्या आनंदानं हसतायत. तोही हसला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारणार. रोज असाच येतो का नळ, वहिनी? तेवढंच विचारलं असतं तर काम झालं असतं. मी काय उत्तर दिलं असतं, ते आजही मला ठाऊक नाही. मागे खिडकीत भावजी उभे होते.

त्यांनी विचारलं नाही. नजर काढून घेतली, आणि पाहुण्याला हातानंच या म्हणून आधी मोठ्या रस्त्यावर नेलं. तिथलं झाकण उचललं, चावी सोडली, स्वतः कान लावून दाखवला आणि दांडा त्याच्यापुढे केला. पाहुण्यानं टोपी काढली, वाकला. त्याचे डोळे मोठे झाले. खाली पाणी गर्जत होतं. मग काका त्याला आमच्या गल्लीतल्या नव्या झाकणाशी घेऊन आले. चावी सोडली. दांडा पुढे केला.

पाहुणा बराच वेळ वाकून राहिला. फाटकाजवळ नळ धो धो वाहत होता आणि जमिनीखाली काहीच नव्हतं. साहेब घाईघाईनं त्याच्या भाषेत काहीतरी सांगू लागला, पण त्यानं हात वर करून थांबवलं. मग मला काहीतरी विचारावं म्हणून तो वळला. काका मध्ये आले आणि साहेबांना म्हणाले, "त्यांना सांगा, बाईंना काही विचारायचं नाही. त्यांनी फक्त नळ उघडलाय. सही माझी आहे, ती मी करत नाही."

त्या आठवड्यात काकांची बदली झाली, गावाबाहेरच्या तलावावर, सायकलनं तास-दीड तास. पण जुनी लाईन बुजली नाही. वरच्या वस्तीचा हप्ता सुटला, आमच्या गल्लीपुरता तेवढा अडला. कारखान्याला काही फरक पडला नाही. त्यांनी स्वतःच्या खोल विहिरी खणल्या, आणि त्याचं वेगळंच रडगाणं आता पलीकडची वस्ती गाते. भावजींची नोकरी राहिली. ते महिनाभर काकांवर धुसफुसले. मग एका रविवारी जाऊन काकांच्या सायकलीला नवे टायर बसवून आले.

खरे पाईप सतरा महिन्यांनी पडले, निवडणुकीला दीड महिना राहिला असताना. कोपऱ्यावर फलक लागला, त्यावर चार नावं, हार, भाषणं. काका तेव्हा निवृत्त झाले होते. ते मांडवाकडे गेले नाहीत. रिकाम्या खांद्यानं आमच्या फाटकाशी आले आणि म्हणाले, उघडा.

मी उघडला. आधी काहीच नाही. मग खोलवरून एक गुरगुर वर चढली, नळ थरथरला आणि असा खोकला की सासूबाई आतून धावत बाहेर आल्या. लाल पाणी माझ्या साडीभर उडालं. काका डोळे मिटून ऐकत होते.

चहा देताना मी धीर केला. त्या दिवशी मला का नाही विचारलंत?

"विचारलं असतं, तर तुम्ही खरं सांगितलं असतं," ते म्हणाले. "मग भावजींनी मला या पायरीवर बसू दिलं असतं का?"

तेवढा विश्वास माझा माझ्यावरही नव्हता. मी कप भरून पुढे केला. या वेळी त्यांनी बशीत काही परत ओतलं नाही.