न आलेले रंग

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला ऑफिसात महिनाअखेरची कामं उरकत होते. त्याच्या शेजारची इंदूमावशी एवढंच म्हणाली, "बाई, लवकर ये. दादा उठूनच नाई राह्यले." आष्टीच्या बसमध्ये मी रडले नाही. कोणाला कळवायचं, खुर्च्या कुठून आणायच्या, अमेरिकेतून विशाखाला यायला किती वेळ लागेल, हे मनात जुळवत बसले. मला तेवढंच जमतं. मधूनच रागही येत होता... आदल्या रविवारीच आम्ही भांडलो होतो, आणि तेही टीव्हीवरून.

तो टीव्ही दादाने नव्वदच्या दशकात तहसील कचेरीतल्या पगारातून घेतला होता. आमच्या वस्तीतला तो पहिला रंगीत टीव्ही. रविवारी समोरची खोली भरायची, उशिरा आलेले खिडकीतून पाहायचे. पुढे वहिनी गेली, त्यांची एकुलती एक मुलगी विशाखा शिकायला आधी नागपूरला आणि मग अमेरिकेला गेली. टीव्ही मात्र हलला नाही. विशाखाला तिकडे डॉक्टरेट मिळाली तेव्हा दादाला व्हिसा मिळाला नाही. म्हणून तिने समारंभाची डिस्क आणि ती लावायचा नवा प्लेअर, अगदी लखलखीत चित्र दाखवणारा, एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. दादाने काय करावं? खोका उघडायच्या आधीच वस्तीभर आमंत्रण दिलं. ज्या टीव्हीसमोर पोरगी वाढली, त्याच टीव्हीवर ती सगळ्यांना स्टेजवर दिसली पाहिजे, हा त्याचा हट्ट.

"आधी लावून तर पाहायचं होतंस," मी म्हटलं.

"तू हायेस ना," तो म्हणाला.

मी होते, हे खरं. तिकडचा प्लेअर आपल्या विजेवर जळाला असता, म्हणून नागपूरहून ट्रान्सफॉर्मर मी आणला. खोक्यातली चपटी केबल लावायला त्या जुन्या टीव्हीला भोकच नव्हतं. पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल टोकांची वायर मिळाली, चित्र आलं, तेवढ्यात दादाने रिमोट घेऊन सगळ्यात भारी चित्राचा पर्याय निवडला आणि पडदा काळाठिक्कर झाला. आता मेनूच दिसेना, मग मागे फिरायचं कसं? खोली गच्च भरलेली. मी माहितीपुस्तिका घेऊन जमिनीवर बसलेली. मागून इंदूमावशीचा आवाज आला, "अमेरिकेत अंधारातच देतेत का वं डिग्री?"

शेवटी प्लेअरचं एक बटण दाबून धरल्यावर सगळं मूळ पदावर आलं. चित्र दिसलं, पण काळं-पांढरं, आणि माणसं बाजूंनी दाबल्यासारखी उंच, बारीक. तिकडची रंगांची पद्धत वेगळी. आपल्या जुन्या टीव्हीला चित्र पकडता आलं, रंग पकडता आले नाहीत.

"पोट्टी वाळली वं तिकडं," कोणीतरी हळहळलं. इंदूमावशी म्हणाली, "अन् चांगल्या दिवशी काळा झगा काऊन घातला?"

दादा टीव्हीला टेकून उभा होता. त्याने भरलेल्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काळा नाई, मावशे. निळा हाये. टीव्हीत दिसत नाई, पण निळा हाये."

खोलीत टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी मोठ्याने 'जय भीम' म्हटलं. मग दादा हललाच नाही. डिस्क संपेपर्यंत टीव्हीशेजारी उभा राहून एकेक रंग सांगत राहिला.

मला हे अर्धवट काम सहन होईना. नागपुरात रंग बदलून देणारा एक छोटा डबा मिळतो, असं कळल्यावर तो आणला. दादाने लावू दिला नाही. नवा टीव्ही घेऊन देते म्हटलं, नको. कोणी आलं की तीच डिस्क, तेच काळं-पांढरं चित्र आणि शेजारी उभा दादा. त्या शेवटच्या रविवारी मी तो डबा पुन्हा नेला होता.

"पोरीने एवढं भारी यंत्र पाठवलं, आणि तू तिला अशी पाहतोस!"

"हात नको लाऊ. चालू हाये ते चालू राहू दे."

"अरे, पण का?"

तो चहा ठेवायला आत गेला. मी चहा न घेता बस गाठली.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मात्र सगळ्यांना डिस्क दाखवायची म्हणून मी तो डबा जोडला. अडवायला कोणी नव्हतं. माणसं जमली, विशाखा माझ्या शेजारी बसली. इंदूमावशीने तिच्या गालावरून हात फिरवला. "माही नात म्हणते, मले बी विशाखासारखा निळा झगा घालाचा हाये. म्हणून शिकून राह्यली."

विशाखाने माझ्याकडे पाहिलं. "निळा? आत्या, गाऊन मरून रंगाचा होता," ती हळूच म्हणाली. "बाबांना ठाऊक होतं. डिस्क पाठवली तेव्हाच फोनवर सांगितलं होतं मी."

मला दादाचा इतका राग आला... एवढं मला सांगायला काय झालं होतं? नागपूरच्या खेपा, ती भांडणं, तो न घेतलेला चहा... मी उठले, टीव्हीमागे हात घातला, डबा काढला, पिवळी वायर थेट टीव्हीत खोचली आणि डिस्क चालू केली.

चित्र आलं. काळं-पांढरं, दाबलेलं. टीव्हीशेजारची जागा रिकामी होती. जरा वेळाने इंदूमावशी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिथे जाऊन उभी राहिली.

"हे पाहा," तिने पडद्यावर बोट ठेवलं, "ते निळी दिसून राह्यली ना, ते आपली विशाखा."