पहिली झडती

१९८६ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. पोळ्याचा दिवस, समुद्रपूरजवळचं आमचं गाव, आणि तोरणाखाली पहिली झडती कोण म्हणणार यावरून माझं डोकं सकाळपासून तापलेलं.

झडती म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. सजवलेले बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे राहतात आणि तोरण तुटायच्या आधी माणसं एकमेकांची टर उडवणारी कवनं म्हणतात. वीस वर्षं पहिली झडती माझी होती. मी चौथीत शाळा सोडली, पण झडती कधी घरून पाठ करून आणली नाही. उभ्या जागी, समोरच्याचं तोंड पाहून जुळवायची.

माझ्या बरोबरीच्या एका सोबत्याला ते जमत नसे. तो आदल्या दिवशी कागदावर लिहून, घोकून यायचा. मी त्याला 'शिळ्या भाकरीवाला' म्हणायचो. हाच गडी १९७३ मध्ये मुंबईला गेला, टीव्हीसाठी विनोदी नाटुकली लिहू लागला, पुढे त्यात कामही करू लागला. तिकडून त्याचं एक पत्र आलं होतं. 'तू पण ये. मी लिहीन, तू बोलजो.' मी उत्तर दिलं नाही. त्यानं लिहिलेलं मी काऊन बोलू?

मग ग्रामपंचायतीत टीव्ही आला. पडद्यावर तो सुटलेलं धोतर सावरत पळायचा आणि सारं गाव लोटपोट व्हायचं. मी दात आवळून बसायचो.

बायको म्हणायची, "हसा ना थोडंसं. कोणी तुमच्याकडं पाहून नाई राह्यलं."

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हणायचो. खरं तर एकदा हसू आलं होतं. ते मी खोकल्यात घातलं.

त्या पोळ्याला तो गावी आला. पोलीस पाटील म्हणाले, "यंदा पहिली झडती पाहुण्याची."

तो म्हणाला, "नाई भाऊ, मी लिहून नाई आणली. ती त्याची आहे, त्यालेच म्हणू द्या."

म्हणजे माझी जागा मला त्यानं दिली! ते जास्त झोंबलं. मी पुढे झालो आणि म्हटलं :

बैल नाई, वखर नाई, नाई हाती कासरा,
पेटीत बसून दात काढते, पोसते त्याले सासरा!

कासऱ्याच्या आधी त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहून मी जरा थांबलोही होतो. पण झडती संपली तरी हसू नाही. सारे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तो खो खो हसला, तेव्हा गाव हसलं. माझी झडती, आणि हसायची परवानगी त्याची! वर त्यानं खिशातून वही काढून काहीतरी लिहून घेतलं. घरी आल्यावर पुरणपोळी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीच्या थांब्यावर गेलो. तो बॅग घेऊन उभा होता.

"वही दाखव."

"काऊन रे?"

"दाखव म्हटलं ना!"

झडती अक्षर न् अक्षर उतरवलेली. सासऱ्यावर फुली, आणि कासऱ्याच्या आधी बरोबरची खूण.

"हे काय होय?"

"सासऱ्यावर लोकं मले पाहून हसले. ते हसू खरं नाई, म्हणून फुली. पण तू माह्या हाताकडं पाहून थांबला ना, तवा मागं उभ्या बाया फसकन हसल्या. तुले ऐकू नाई आलं?"

नव्हतं आलं. मीसुद्धा त्याच्याच तोंडाकडे पाहत होतो.

"हे टीव्हीवर घेशील?"

"तू म्हणशील तर."

तेवढ्यात एसटी आली. मी त्याचा पेन मागितला आणि वही गुडघ्यावर ठेवून झडतीखाली माझं नाव लिहू लागलो. लिहायची सवय सुटलेली, जोडाक्षर अडलं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

"काका, सोडू का गाडी?"

"थांब जरा," मी म्हटलं. आडनावापर्यंत पूर्ण लिहिलं, वर सरळ रेघ ओढली आणि मगच वही त्याच्या हातात दिली.