मे महिन्यातले आमचे महाबळेश्वर

नव्वदच्या दशकात वर्ध्याच्या एका दैनिकाच्या उन्हाळी पुरवणीसाठी मी जिल्ह्यातल्या डोंगरांवर लेख लिहिला. सातपुड्याचा एक फाटा आष्टी, कारंज्याकडून उतरत सेलूच्या वर बोरच्या जंगलात येतो. उंची बेताची, ड्रायव्हरने गिअर बदलेपर्यंत चढ संपतो. एवढे मला ठाऊक होते. ‘घनदाट हिरवाई’, ‘सुखद गारवा’ आणि ‘विदर्भाचे महाबळेश्वर’ टेबलावर सुचले. फोटो कपाटात सापडला, सप्टेंबरातला. लेखाखाली कूलरची जाहिरात होती.

नालवाडीतल्या माझ्या शेजाऱ्याचे देवळीला कापडाचे दुकान होते. त्याने लेख कापून खिशात ठेवला. मोठ्या मुलीला पाहायला नागपूरचे पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळे ‘वर्ध्यात आहे काय?’ म्हणून परतली होती. या वेळी त्याने पाहुण्यांना आधी डोंगर दाखवायचे ठरवले आणि माहीतगार म्हणून मलाही जीपमध्ये बसवले. मुलगी घरी साडी नेसून थांबली होती. मुलाच्या आईने शाल आणली होती.

सागाचे जंगल मे महिन्यात पाने ठेवत नाही. डोंगरभर नुसते खांब उभे होते. खाली पाचोळा आणि तापलेला काळा दगड.

तेंदूची पाने तोडणारी एक बाई थांबली. “काऊन आले जी इतक्या उनात?”

“थंड हवा खायाले,” शेजारी म्हणाला.

ती पोट धरून हसली. “श्रावणात येजा! आता तं माकडं बी नाल्यात जाऊन बसले.”

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. मुलाच्या आईने शालीने वारा घेत विचारले, “इथं थंड असते म्हणून कोणं सांगतलं तुमाले?”

त्याने कात्रण काढून दिले आणि माझ्याकडे बोट केले. तिने मोहाच्या सावलीत उभे राहून ते शेवटपर्यंत वाचले.

“तुमी कधी आलते इथं, भाऊ?”

मी वस्तुस्थिती सांगितली. “आज पहिल्यांदा.”

“मंग बरं झालं,” ती शेजाऱ्याला म्हणाली. “मले वाटलं तुमीच फेकून राह्यले. पेपरात छापलं ते खरं मानते, असा व्याही चालते आमाले. चला, पोरगी पाहू.”

लग्न ठरले. श्रावणात दोन्ही घरे पुन्हा डोंगरावर गेली, मलाही नेले. हिरवाई घनदाट होती. मी सुधारलेला लेख दिला. पावसाळी पुरवणी निघत नाही, असे संपादकांनी सांगितले आणि पुढच्या मे महिन्यात जुनाच लेख पुन्हा छापला.

शेजाऱ्याने तोही कापून ठेवला. त्याची धाकटी मुलगी लग्नाची होती.