गल्लीतून चढणारा जिना

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी माय मला पोचवायला स्टेशनावर आली नाही. वैशाख होता, गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चालू होते आणि त्या दिवशीची पाळी नेमकी आमची होती. ज्यांनी बिबडे फक्त तळलेले पाहिलेत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, तीळ-लसूण-तिखट घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची. त्या शिजल्या पिठाला आम्ही घाटा म्हणतो. तो गरम आहे तोवरच ओल्या फडक्यावर थापायचा, हात पोळले तरी. थंड झाला की बसा मग बोंबलत.

रिक्षा गल्लीत उभी होती. माझा मोठा भाऊ बॅगा चढवत होता. माय वर धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, कोपरापर्यंत पिठात, भोवती दहा-बारा बाया. तिनं वरूनच हाक दिली, "जाय बेटा, जपीसन जाय. घाटा थंडा व्हई जाई." आणि पाठ फिरवली. झालं! एवढाच आमचा निरोप. बिबडे मोठे की पोरगी, हे मी पाचोरा स्टेशनापासून जे मनात घोळवत बसले ते विमान उतरलं तरी चालूच होतं.

आमचं घर धाब्याचं. मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, लाकडी सरे, म्हणजे तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचं सपाट छत, तेच धाबं. पावसाळ्याआधी आबा, म्हणजे माझे वडील, त्यावर खाऱ्या मातीचा नवा थर द्यायचे. वर जायचा दगडी जिना घराच्या बाहेरून, थेट गल्लीतून होता. त्याला ना दार, ना कडी. गल्लीत सगळ्यात मोठं धाबं आमचं, म्हणून बिबडे कोणाचेही असोत, वाळायचे आमच्याच वर. मिरच्या, वडे, शेवया, सगळं. कोणी विचारायचं नाही. सकाळी डोळे उघडायच्या आत वरून बायांचं हसणं ऐकू यायचं आणि आम्ही पोरं अर्धे ओले बिबडे खायला धावत सुटायचो. भर मे महिन्यात बाहेर अंगाची लाही व्हायची, आत मात्र चटई टाकली की झोप लागायची. तेव्हा याला कोणी एनर्जी एफिशियन्सी म्हणत नव्हतं.

आबा गेले. भावाला नरडाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली, त्यानं संसार धुळ्याला थाटला. खारी माती टाकणारं कोणी उरलं नाही आणि धाबं गळायला लागलं. माय एकटी, पातेली मांडत फिरायची. धुळ्याला चल म्हटलं तर जायची नाही.

इकडे जर्मनीत मी शहाणी झाले होते. आमच्या भाड्याच्या फ्लॅटलासुद्धा एनर्जी सर्टिफिकेट आहे, कागदावर रंगीत पट्टी, त्यात आमचा वर्ग कितवा ते लिहिलेलं. खिडक्यांना दुहेरी काच, दारांना रबर, थर्मोस्टॅट, इन्सुलेशन. घर बंद ठेवणं हीच इथली अक्कल. आत आलेली ऊब बाहेर जाता कामा नये, हे मी इतक्या वर्षांत इतकं शिकले की घर कशासाठी उघडं ठेवतात हे विसरूनच गेले. सुट्टीत मुलांना घेऊन गावी गेले तर त्यांच्या थंडीत वाढलेल्या अंगावर घामोळं उठलं, धाकटी रडून रडून बेजार. परतताना विमानातच ठरवलं, घर नवं करायचं. मायला सुखात ठेवायचं. असं मी सगळ्यांना सांगितलं आणि मलाही ते खरं वाटलं.

जळगावहून ठेकेदार आला. मी फोनवरून, व्हिडिओवरून सगळं बघायचे. धाबं पाडलं, स्लॅब घातला, त्यावर उष्णता अडवणारा थर आणि पांढरा रंग. जुन्या लाकडी खिडक्या काढून दुहेरी काचा बसवल्या, वरचा झरोका बुजवला. दोन एसी. बाथरूम खोलीला लागून, माझ्या मुलांना सोयीचं. आणि छतभर सोलर. पॅनेलवाल्यानं विचारलं होतं बरं का, त्या माणसाचा काही दोष नाही. म्हणाला, "ताई, स्ट्रक्चर उंच घ्यायचं का? खालून माणूस फिरेल, वाळवण घालता येईल."

मी म्हटलं, "नको, वाऱ्यानं हलेल. आणि वर कोण जातंय?"

फोन मायच्या हातात होता. कॅमेरा पॅनेलवाल्याकडे असल्यानं तिचा चेहरा मला दिसला नाही. मी पुढे हेही सांगितलं की पोरं वर जाऊन काचा फोडतील, जिन्याला खालून लोखंडी गेट लावा आणि कुलूप घाला. वर कोण जातंय! ज्या धाब्यावर माझं निम्मं बालपण गेलं त्याच्याबद्दल मी हे बोलले. मनात कुठे त्या निरोपाचा राग होता की काय, देव जाणे. असेलही.

वास्तुशांतीला मी गावी गेले तेव्हा सगळी गल्ली घर बघून गेली. बाया काचेवरून हात फिरवत होत्या. दोन घरं सोडून राहणारी सुमनअक्का, मायची जिवाची मैत्रीण, तिनं पायऱ्यांपाशी उभं राहून कुलपाकडे पाहिलं, मग मायकडे पाहिलं. मी फोटो काढत होते. विजेचं बिल आता शून्यावर येणार म्हणून ज्याला त्याला सांगत होते. माय नव्या सोफ्याच्या कडेला बसली होती, पाहुणी आल्यासारखी. मी विचारलं, आवडलं ना? तर म्हणाली, "बठ्ठं चांगलं शे, बेटा." सगळं चांगलं आहे.

पहिल्या उन्हाळ्यात दोनच गोष्टी झाल्या. दुपारची लाईट गेली तर सोलरसुद्धा बंद पडतं, हे मला ठाऊक नव्हतं. वर पॅनेल तापतायत आणि खाली पंखा फिरत नाही! बॅटरी घ्यायला हवी होती म्हणे. बुजवलेला झरोका, न उघडणाऱ्या काचा, आणि माय आत. ती उठून सुमनअक्काकडे जाऊन बसायला लागली. आणि दुसरी गोष्ट, बिबड्यांचे दिवस आले. बाया गेटपाशी येऊन परत गेल्या. किल्ली मायकडेच होती, पण उघडून करणार काय? वर फडकं पसरायलाही जागा नव्हती. सुमनअक्काच्या घरकुलाचा स्लॅब आमच्या निम्मासुद्धा नाही, तरी सगळ्या तिथे गेल्या. यातलं एक अक्षरही मायनं मला फोनवर सांगितलं नाही. विचारलं की तेच, बठ्ठं चांगलं शे.

मला कळलं ते ॲपवरून. सोलर कंपनीचं ॲप आहे, त्यात आज किती वीज बनली आणि घरात किती वापरली ते दिसतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते रोज उघडते, जणू मायची विचारपूसच करते. या वैशाखात एक दिवस वापर शून्य दिसला. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. फ्रीज तरी चालू असेल ना! मायचा फोन लागेना, म्हणून सुमनअक्काला लावला. मागे बायांचा गलका चालला होता.

"आठेच शे तुनी माय," अक्का म्हणाली. आठे म्हणजे इथे, तिच्या घरी. "महिना व्हयना, आठेच ऱ्हास. तीन दिन व्हयनात, घरना मेन स्विच बी बंद करी दिन्हा तिनी. सांजले जास, देवले दिवा लावस आनि परत येस."

"महिना झाला आणि मला कोणी सांगितलं नाही?" मी ओरडलेच.

अक्का म्हणाली, "तू परदेश गयी त्या दिन तुनी मायनी एक बी बिबडा धड थापा नही. आम्ही बठ्ठ्या बायास्नी तिले धरीसन बसाडं. ठेसनवर ती एकली पडी जाती. तुले तरी कोनी सांगं?"

म्हणजे स्टेशनावर ती एकटी कोसळली असती, धाब्यावर तिला धरायला बाया होत्या. मग माय फोनवर आली. मी रडत म्हटलं, माय, मी पॅनेल काढून टाकते, उद्याच माणूस पाठवते, तू घरी जा.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "बाया आते आठे रुळन्यात. तठे माले एकलीले करमत नही. तू येशी तवय घर उघाडसू ना."

तू येशील तेव्हा घर उघडेन. म्हणजे ते कोणासाठी बांधलं हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वर्षातले माझे पंधरा दिवस नीट जावेत म्हणून मी तिचे बाकीचे सगळे दिवस बंद करून टाकले, आणि वर तिच्याकडूनच चांगलं म्हणवून घेतलं. गल्लीतल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय, माफी मागायचं तोंड नाही म्हणून लिहिलंय. आणि माझ्यासारखे जे लांब गेलेत आणि गावचं घर सुधारायला निघालेत, त्यांनी आधी एकदा विचारा, की वर कोण जातं.

ॲप अजून रोज उघडते. घर बंद असलं तरी वीज भरपूर बनते, ती वीजकंपनीकडे जाते, अभिनंदनाचा मेसेजही येतो. घर कुठे तुझं, असं इथे कोणी विचारलं तर पाचोऱ्याजवळ म्हणते, आणि कागदावर ते आहेच. पुढच्या वैशाखात मी जाणार आहे. माय भेटेल ती सुमनअक्काच्या स्लॅबवर. तिथला जिना अक्काच्या घरातून जातो, तेव्हा वर येऊ का, असं मला दारात उभं राहून आधी विचारावं लागेल.