हळदकुंकू लावलेला टॅब अडून बसलाय

हेदवीच्या वैनी, गुडघा कसा आहे? पोफळीचे अण्णा, खोकला थांबला का? सुमन, तुझा ताप उतरला ना? मी बरी आहे, पण आज डोकं तापलंय.

आमचा मुलगा जहाजावर असतो. आज संध्याकाळी जहाज बंदराला लागलं की त्याचा व्हिडिओ कॉल येणार. यांना मोबाईलवर त्याचा चेहरा धड दिसत नाही, म्हणून सकाळी बाजारातून जुना टॅब आणला.

दुकानदाराने तोंडदेखलं विचारलं, "मावशी, चालू करून दाखवू?" मीच म्हटलं, "नको रे, आधी देवापुढे ठेवते." तो लगेच म्हणाला, "अगदी बरोबर."

घरी हळदकुंकू लावलं, चालू केला, वायफाय जोडलं, तर टॅब आधीच्या मालकाचा पासवर्ड मागायला लागला. पुढे सरकेचना.

दुकानात फोन केला तर म्हणतो, "तुम्हीच नको म्हणालात." म्हणजे मेल्याला सगळं ठाऊक होतं, आणि माझ्या देवाच्या आड लपला.

हे म्हणाले, "देवाला दाखवलास खरा, पण त्याला तरी कुठे पासवर्ड ठाऊक?"

आता टॅब घेऊन दुकानातच जाऊन बसत्ये. दुकानदाराने जुन्या मालकाला बोलावून त्याचं खातं माझ्यासमोर काढून घेतल्याशिवाय उठायची नाही. तुम्ही जुना घेतलात तर तिथेच नेट जोडून स्वतःचं खातं उघडून बघा. पूजा नंतर.

यातून कोणी सुटलंय का? लवकर लिहा, संध्याकाळच्या आत. हे आत्तापासूनच चष्मा पुसत बसलेत.