अक्काचं बिनवासाचं वेखंड

माझी मोठी बहीण भालकीला असते. मी तिला अक्का म्हणतो आणि मी पन्नाशी ओलांडली तरी ती मला तम्माच म्हणते, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. जूनमध्ये एका सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी कलबुर्गीला घरी दाढी करत होतो.

"तम्मा, रविवारी ये. साक्ष द्यायची हाय."

"कुणाच्या खुनाची?" मी अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून विचारलं.

"अजून झाला न्हाई, होणार हाय. माझ्या वेखंडाचा."

प्रकरण असं होतं. भाच्यानं, म्हणजे अक्काच्या लेकानं, कार घेतली होती आणि तिच्यासाठी अंगणात शेड घालायची होती. शेडचे खांब नेमके भिंतीलगतच्या पट्ट्यात येत होते, आणि तो पट्टा अक्काच्या वेखंडाचा. लग्न होऊन ती मेहकरहून भालकीला आली, तेव्हा आईनं ओल्या फडक्यात बांधून दिलेला एक गड्डा तिनं तिथं लावला होता. त्याचं आता सहा हात लांब रान झालं होतं. भाच्यानं निकाल दिला होता: "औषध असंल तर ठेवतो. पण बिनकामाच्या झाडापायी गाडी उन्हात न्हाई ठेवायचा मी." आता ते औषधच आहे असं सांगायला शहाणा माणूस पाहिजे होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तेही पुस्तकात असेल तेवढंच. पण अक्काच्या हिशेबानं शहाणा माणूस मीच.

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वाफ्याजवळ उकिडवा बसलो, चष्मा पुसला, पानं मोजली, कुणी विचारलं नव्हतं तरी मान हलवली. मग गड्ड्याचा एक तुकडा खणून नाकाशी धरला, डोळे मिटले आणि कोर्टात जबानी द्यावी तशा आवाजात म्हणालो, "वेखंडच!"

"वास आला का, मामा?" भाच्याची बायको विचारती झाली. पोरगी उदगीरची, वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली. मी हे विसरलोच होतो.

"आला ना. थोडासा."

"कशाचा?"

मातीचा आला होता.

ती आत गेली आणि किराणा दुकानातून आणलेला वेखंडाचा सुका तुकडा घेऊन आली. त्याचा वास हातभर लांबूनच नाकात घुसला. "वेखंडाच्या पानाला मधी शीर उठून असते," ती म्हणाली. "पान चुरगळलं की घमघमतं. त्याला चिखल लागतो. हे मुरमात उभं हाय आणि पानं बघा, पंखा उघडल्यावानी."

"अजून पिकलं न्हाई ते," अक्का म्हणाली.

"किती वर्षं झाली, आत्याबाई?"

"पस्तीस."

मी आभाळाकडे पाहिलं. हसू आलं की मी आभाळाकडे पाहतो. पण अक्का खरंच वाट पाहत होती. दोन्ही पोरांना गुटी उगाळून घातली ती दुकानच्या वेखंडाची, घरचं तयार होईपर्यंत म्हणून. दरवर्षी एक गड्डा खणायचा, वास घ्यायचा, परत पुरायचा. अशी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

"बरं, फूल कसं येतं याला?" सुनेनं विचारलं.

"फूल कामून येऊ देईन मी?" अक्का म्हणाली. "दांडा निघाला की मोडते."

आम्ही कांदा पिकवणारी माणसं. कांद्याला फुलाचा दांडा आला की तो मोडायचा, म्हणजे सगळा जोर खाली गड्ड्यात राहतो, हे आम्हाला चालता येण्याआधी येतं. अक्कानं तोच न्याय इथं लावला होता. दर पावसाळ्यात, सगळे दांडे.

सून पायरीवर बसलीच. "पस्तीस वर्षांत फूल बघितलंच न्हाई? आत्याबाई, एक डाव येऊ द्या. फूल बघितल्याबिगर मला न्हाई सांगता येणार."

अक्का वेडी नव्हती. आलेलं फूल आपल्याविरुद्ध बोलेल हे तिला कळत होतं. दांडे मोडत राहिली असती तर वेखंड, वेखंड म्हणत आणखी काही दिवस काढता आले असते. तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "येऊ दे." भाच्यानंही गवंड्याला फूल येईपर्यंत थांबायला सांगितलं.

त्यानंतर माझा फोन थंड पडला नाही. "दांडा गुडघ्याएवढा झालाय." "कळ्या धरल्यात रे, हात शिवशिवायलेत माझे." सुनेनं मला गुपचूप सांगितलं की आत्याबाई वाफ्यावरून जाताना दोन्ही हात पाठीमागं बांधून जातात.

ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी सातला फोन आला. अक्का एकच शब्द बोलली: "निघ."

मी बसनं हुमनाबाद गाठलं, तिथून भालकी, आणि पोचलो तेव्हा सगळं घर अंगणात उभं. कंबरेइतक्या दांड्यावर एकच फूल उघडलं होतं. सहा पाकळ्या, शेंदरी, आणि बोटाच्या टोकानं कुंकू शिंपडावं तसे गडद लाल ठिपके. केवढं, तर तळहाताच्या खोलगटात मावेल एवढं. मी चष्मा पुसून परत पाहिलं.

"हे आयरिस," सून म्हणाली. तिनं पान, गड्डा, फूल सगळं पडताळलं होतं. कॉलेजातल्या तिच्या जुन्या बाईंना फोटोही पाठवला होता. "पयलं याला वेगळं धरायचे, आता आयरिसमध्येच घेतलंय. जुन्या बागांतून असायचं. याची बोंडं फुटली की आत काळेभोर चमकते मणी दिसतात म्हणे. पण आत्याबाई, वेखंड न्हाई हे. गुटीत घालायचं न्हाई."

भाचा चपलेच्या टोकानं मुरूम उकरत होता. बिचाऱ्याचीच अट त्याच्या घशात अडकली होती.

अक्का फुलासमोर वाकली. "म्हंजे आईनं मला फूल दिलतं?"

मला आमच्या मेहकरच्या घराचं अंगण आठवलं. मिरची, कढीपत्ता, वांगी, शेळीचा खुंटा. कामाचं नाही असं तिथं काही उगवायचं नाही, आणि उगवलं तर शेळी खायची. आईनं हे कुठून आणलं, कुठं जपलं, देव जाणे. लेकीला फूल देते म्हणायची लाज वाटली असेल, म्हणून औषध म्हणाली असेल. किंवा ती काहीच म्हणाली नसेल आणि अक्कानंच तसं धरून घेतलं असेल.

"काय म्हणालती आई देताना?" मी विचारलं.

"लाव म्हणाली. बास."

मग ती सरळ उभी राहिली आणि लेकाकडे वळली. "औषध न्हाई. कशाच्याच उपयोगाचं न्हाई. फूल हाय, आणि मला पायजे. लाव हात, बघू."

एवढ्या वर्षांत अक्काला कशालाही 'मला पायजे' म्हणताना मी ऐकलं नव्हतं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी एक वाजवलीही. भाचा आत गेला, टेप घेऊन आला आणि खांबाच्या जागा चार हात अलीकडे मोजायला लागला. गाडीचं नाक बाहेर राहील म्हणाला, राहू दे.

संध्याकाळी ते फूल पिळून टाकलेल्या ओल्या कापडासारखं स्वतःशीच वळून मिटलं. एकाच दिवसाचं असतं, सुनेनं सांगितलं. अक्कानं खुर्ची वाफ्यासमोरच ओढून घेतली होती.

"उद्याची कळी कोणती?"

"ही. आणि परवा ही," सुनेनं दाखवलं.

अक्का माझ्याकडे वळली. "तम्मा, उद्या शाळा हाय तुला?"

"हाय की."

"रजा टाक," ती म्हणाली.