अण्णानं न लिहिलेलं पत्र

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवरा होता तोवर त्याच्याजवळ नाही, माझ्या मुलीजवळही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण सकाळपासून तीन वेळा लेखणी उचलली आणि तीन वेळा उठून चहा केला. तेव्हा सोपं नाहीच.

सुरुवात लाजेच्या भागापासून करते — म्हणजे ज्याला लोक लाजेचा म्हणतील त्या भागापासून. मला नोकरीवरून काढून टाकलं होतं. मी एका विमान कंपनीत उमेदवारीवर होते. आता हवाईसुंदरी म्हणतात, तेव्हा नुसतं होस्टेस म्हणत. देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नसेल. हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्या माणसाची मुलगी विमानात काम करणार! आमच्या गल्लीतल्या कित्येकांनी विमान नीट पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते मुळीच पसंत नव्हतं. "परक्या लोकांना चहा देत फिरणार का ही?" असं ते म्हणाले आणि ताटावरून उठले. माझा थोरला भाऊ अण्णा त्यांच्यासमोर उभा राहिला. अण्णा अप्पांपुढे कधी मान वर करून बोलला नव्हता. त्या दिवशी म्हणाला, "जाऊ दे तिला. काय कमीजास्त झालं तर मी आहे." पुढे महिनाभर अप्पा त्याच्याशी बोलले नाहीत. एका दुकानात, एका गादीवर बसून बोलले नाहीत. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी मात्र लक्षात ठेवलं नाही.

मुंबईत आम्हाला सगळं शिकवलं. विमान चढायला लागण्याआधी कानात घालायला कापूस द्यायचा, पेपरमिंटच्या गोळ्या फिरवायच्या, कुणाला उलटी होईलसं दिसलं की कागदी पिशवी हातात द्यायची, आणि काहीही झालं तरी हसायचं. जमिनीवर मला हे उत्तम येत होतं. वर गेलं की भीती वाटे. पहिल्या उड्डाणापासून वाटे. कुणाला सांगणार? सवय होईल, असं स्वतःला सांगत राहिले.

एकदा मद्रासला जाताना विमान ढगात सापडलं. ते एकदम खाली पडे आणि पुन्हा वर उचललं जाई. एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन एकटीच निघाली होती. ती उलट्यांनी बेजार झालेली. तिनं मूल माझ्यापुढे धरलं. "धरा हो याला, माझ्या हातून पडेल!" — मराठीतच म्हणाली ती. आणि मी काय केलं? मी मागच्या खुर्चीत जाऊन बसले, पट्टा आवळला आणि डोळे मिटून घेतले. ती पुन्हा हाक मारत होती. मी कानांवर हात ठेवले.

माझ्याबरोबरच्या थोरल्या होस्टेसनं ते मूल घेतलं. उतरल्यावर ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "तू चांगली मुलगी आहेस. पण हे काम तुझं नाही." चार दिवसांनी ऑफिसात बोलावून कागद दिला. तुमच्या कामाची यापुढे गरज नाही.

आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. बाहेर येऊन मी रस्त्यावर उभी राहून उसाचा रस प्याले, दोन पेले. आता पुन्हा वर जायचं नाही! इतकं हलकं मला मुंबईत एकदाही वाटलं नव्हतं.

म्हणजे माझा गुन्हा विमानातला, असं तुम्ही धरलं असेल. भ्यायले, खरं आहे. पण तेवढंच असतं तर मी हे कधीच हसत हसत सांगून टाकलं असतं.

पुण्याला गाडी बदलली आणि मग विचार सुरू झाले. घरी काय सांगायचं? अप्पांना नुसतं "नोकरी सोडली" म्हटलं की पुरे. ते काही विचारायचे नाहीत, उलट खूश होतील. पण धारवाडच्या माझ्या शाळेच्या हेडबाई? त्यांनी भर वर्गात माझं नाव घेऊन मुलींना सांगितलं होतं, बघा, आपली मुलगी कुठवर गेली. त्यांना काय सांगू? मिरज येईपर्यंत माझं ठरलं होतं. भावानं पत्र पाठवून परत बोलावलं, लग्नाचं बघायचं म्हणून नोकरी सोडायला लावली, असं सांगायचं.

भावानं का? अप्पांनी का नाही? अप्पांचं नाव घेणं तर जास्त खरं वाटलं असतं. पण बाई अप्पांना विचारायला गेल्या असत्या, तर अप्पांनी भर दुकानात ओरडून नाही म्हटलं असतं. अण्णा नाही म्हणणार नाही — हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून अण्णा.

हेच ते. घाबरून तोंडातून गेलं असं नाही. डब्याच्या खिडकीशी बसून, शांतपणे, कोण गप्प बसेल ते पाहून मी माणूस निवडला.

बाईंना मी तसंच सांगितलं. आणि बाई खरंच आल्या. दुकानात गिऱ्हाइकं असताना त्यांनी अण्णाला फैलावर घेतलं. शिकलेल्या बहिणीचे पाय ओढणारा भाऊ, असं काय काय बोलल्या. मी आतल्या दारात उभी होते. अण्णानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग हातातली कळशी पुसत म्हणाला, "होय बाई. माझंच चुकलं."

बाई गेल्यावर तो आत आला. वाटलं, आता विचारेल. त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "शकू, पत्रात मी काय काय लिहिलं होतं गं? कुणी विचारलं तर दोघांचं सारखं यायला हवं."

मी त्याला पत्रातला मजकूर सांगितला. ऐकताय ना? सांगितला.

आता कुमुदचं. कुमुद ही हेडबाईंची भाची, त्याच शाळेत शिकवायची. दुकानाचं काम काढून अण्णा दर रविवारी धारवाडला का जातो, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. बहिणीला विमानात पाठवणारा भाऊ म्हणूनच तिला तो आवडला होता. ती एका दुपारी स्वतः दुकानात आली. मीही होते. "तुम्ही खरंच ते पत्र लिहिलंत?" तिनं विचारलं. ठाम बोलायचं झालं की आमच्या घरी कन्नड येई. अण्णा म्हणाला, "हौदु." म्हणजे होय. झालं. ती छत्री उचलून निघून गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न बेळगावला झालं.

मी काय करत होते? पितळी डबे मांडत होते.

त्यानंतर माझं मात्र चांगलं होत गेलं. हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुली घेणार होते. अण्णानंच अर्ज आणून दिला. पुन्हा उमेदवारी. पण इथे पाय जमिनीवर होते. फोन आला की समोरच्या बोर्डावरचं लहानसं झाकण पडे, नंबर विचारून जोडून द्यायचं. एका दुपारी मागच्या रस्त्यावरची कापसाची वखार पेटली. खोलीत धूर यायला लागला, बोर्डावर झाकणांमागून झाकणं पडू लागली. दोघी पळाल्या. मला वाटलं मीही पळणार. पण उठलेच नाही. आग विझवणारा बंब, इस्पितळ, कामगारांच्या घरची माणसं — एकेकाला जोडत राहिले. ओला रुमाल नाकाला बांधून संध्याकाळपर्यंत बसले. माझं मलाच नवल वाटलं. नोकरी पक्की झाली आणि पुढे तीस वर्षं टिकली.

हेडबाईंनी शाळेत माझा सत्कार ठेवला. अण्णा पहिल्या रांगेत बसला होता. बाई भाषणात म्हणाल्या, घरच्यांनीच खाली खेचलं तरी ही मुलगी पुन्हा उभी राहिली. लोकांनी वळून अण्णाकडे पाहिलं. तोही टाळ्या वाजवत होता. माझ्या गळ्यात हार, समोर सगळी शाळा, "चार शब्द बोल" असा आग्रह. आता मी भित्री राहिले नव्हते ना? वखार पेटली तेव्हा बसून राहिलेली बाई मी! उभी राहिले आणि बाईंचे आभार मानले. बस.

परत येताना रायापूरच्या आसपास बस बिघडून थांबली. आम्ही दोघं खाली उतरलो. मी म्हटलं, "अण्णा, मला तुला—" तो म्हणाला, "साकु गं. आज तुझा दिवस आहे. आज नको." साकु म्हणजे पुरे. तो आज नको म्हणाला होता. मी ते कधीच नको असं धरून बसले. सोयीचं होतं.

अण्णाचं लग्न चार वर्षांनी झालं. वहिनी कलघटगीच्या. संसार छान झाला, पोरं मोठी झाली. पण ते सांगून माझा गुन्हा काही कमी होत नाही. घरात ती गोष्ट अजून थट्टेत निघते. "बाबा, आत्याचं विमान तुम्ही खाली उतरवलंत!" पोरं म्हणतात, अण्णा हसतो, मीही हसते. हेडबाई गेल्या. कुमुद कुठे आहे मला माहीत नाही.

एवढंच. लिहून झालं तेव्हा दुपार उलटून गेली होती. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि गाढ झोपले, भांड्यांच्या आवाजानंही जाग आली नाही. छातीवरून कुणी पाटा उचलून घेतल्यासारखं वाटतं आहे, आणि तसं वाटायचा मला हक्क आहे की नाही, ते मी बघत बसणार नाही.

परवा रविवारी अण्णाकडे सगळे जेवायला जमणार आहेत. पानं वाढून झाली की मी हे कागद काढून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचणार आहे. पोरं असतील, सुना असतील, वहिनी असतील. अण्णा समोरच बसलेला असेल.